आकडा दाखवा, आकडेमोडही दाखवा

गेल्या काही वर्षांत बारामती-इंदापूर भागात एक मत वारंवार कानावर येते. ते मांडणारी माणसे शिकलेली असतात. त्यांत प्राध्यापक, कृषी सल्लागार असतात, कारखान्यांच्या ऊसविकास विभागातले अधिकारीही असतात. त्यांचे म्हणणे असे: शेतकऱ्याला निष्कर्ष हवा असतो, विश्लेषण नको असते. माहिती आणि तिच्यावर केलेली प्रक्रिया ज्याची त्याच्याकडे राहू द्यावी. खुल्या, मोफत संगणकप्रणाली शिकवण्यापुरत्या ठीक आहेत, खरे संशोधन परवान्याच्या सॉफ्टवेअरवरच होते. आणि तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलांना असल्या गोष्टी कशाला, आधी त्यांना एक्सेल तर नीट येऊ द्या.

मी जळोचीत राहतो आणि संख्याशास्त्र शिकवतो. हे मत मला चुकीचे वाटते आणि घातकही वाटते. ते आमच्या भागातल्या शेतकऱ्याला आणि विद्यार्थ्याला एकाच वेळी कमी लेखते, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे.

शेतकऱ्याला आकडेमोडीशी देणेघेणे नसते, हे पहिले विधान. हे बोलणाऱ्याने उसाच्या हंगामात कारखान्याच्या काट्यावर एक दिवस उभे राहावे. उसाची एफआरपी (रास्त व किफायतशीर दर) साखरेच्या उताऱ्यावर ठरते, पायाभूत उतारा १०.२५ टक्के धरतात, त्यावर प्रत्येक दशांशाला किती पैसे वाढतात, हे आमच्याकडे सातवी शिकलेला माणूसही सांगतो. उतारा कसा काढला, कोणत्या महिन्यांचा धरला, इथेनॉलकडे वळवलेल्या रसाचा हिशेब कसा केला, यावर सर्वसाधारण सभा तासन्‌तास चालतात. पीकविम्याचेही तसेच. महसूल मंडळाचे उंबरठा उत्पन्न आणि त्या वर्षीचे पीक कापणी प्रयोग यांवर भरपाई ठरते, म्हणून कापणी कोणाच्या शेतात झाली, चौकोन कुठे आखला, पंचनाम्यावर सही कोणी केली, हे गाव बारकाईने पाहते. पद्धत चुकली की पैसे बुडतात, हे शेतकऱ्याला पक्के ठाऊक आहे. पद्धत त्याच्यासमोर मांडलीच नाही तर तो काय विचारणार?

आता एक हिशेब करून दाखवतो. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, कोणत्याही प्रयोगाचे नाहीत. समजा, एका शेतकऱ्याचा सुरू ऊस एकरी ४० टन आला. पुढे त्याने नवे तंत्र वापरले आणि त्याला एकरी ५६ टन मिळाले. वाढ ४० टक्के. फलकावर लिहायला उत्तम आकडा. पण दुसरे पीक आडसाली होते, हे फलकावर लिहिलेले नसते. सुरू ऊस बारा महिन्यांत तुटतो, आडसाली सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. सतरा महिने धरले तर महिन्याला ३.२९ टन पडतात, सुरूचे पडले होते ३.३३. म्हणजे तंत्राने महिन्यागणिक काहीच वाढवले नाही, रान आणि पाणी मात्र पाच महिने जास्त अडकले. यात खोडव्याचा प्रश्न अजून आलेलाच नाही. एका रानात को ८६०३२ आणि दुसऱ्यात फुले २६५ असेल, एक रान काळे कसदार आणि दुसरे चोपण असेल, तर आणखी चार प्रश्न उभे राहतात. हे सगळे प्रश्न मूळ तक्ता आणि त्यावरची आकडेमोड समोर असेल तरच विचारता येतात. फक्त ‘४० टक्के’ समोर असेल तर टाळ्या वाजवण्यापलीकडे काही करता येत नाही.

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या साथीने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग सुरू केला. उपग्रहाची चित्रे, जमिनीतले संवेदक, हवामान केंद्र यांची माहिती एकत्र करून शेतकऱ्याच्या मोबाइलवर सल्ला येतो. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी त्याचा जाहीर उल्लेख केला आणि माळेगाव खुर्दचे नाव जगभर गेले. उत्पादन वाढले, पाणी आणि खत वाचले, असे आकडे वर्तमानपत्रांत छापून आले. मला या प्रयोगाचा अभिमान वाटतो, आणि ते आकडे खरे ठरावेत अशी मनापासून इच्छा आहे. म्हणूनच सांगतो, असा प्रयोग जितका मोठा, तितका तो दुसऱ्या कोणी पुन्हा तपासता येईल अशा रूपात मांडण्याची गरज मोठी. तुलनेची राने कोणती, लागण कोणत्या हंगामातली, प्रणालीची कोणती आवृत्ती, हे सर्व इंदापूरच्या एखाद्या कृषी पदवीधराला घरी बसून चालवून पाहता आले, तर त्या प्रयोगाची किंमत कमी होणार नाही, वाढेलच. राज्य सरकारने २०२५ साली महाॲग्री-एआय धोरण मंजूर केले आणि त्यासाठी ५०० कोटी रुपये ठेवले. या पैशातून निघणाऱ्या प्रत्येक टक्क्यामागची आकडेमोड खुली असावी, एवढी एक अट घालायला कोणाची हरकत असावी?

हरकत घेणारे म्हणतात, तज्ज्ञांवर विश्वास ठेवायला शिका. महाराष्ट्राची स्वतःची परंपरा याच्या नेमकी उलट आहे. खटाव तालुक्यातल्या बुध गावात १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९४० च्या दशकात पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज कसा काढावा यावर काम करत होते. त्या वेळी या विषयातले सर्वांत मोठे नाव होते प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे. कापणीसाठी लहान तुकडे घ्यावेत, म्हणजे कमी खर्चात जास्त ठिकाणे होतात, हा त्यांचा पक्ष. सुखात्म्यांनी लहान-मोठे तुकडे शेजारी शेजारी कापून दाखवले की तुकडा फार लहान असला की उत्पन्न फुगते, कारण रेषेवरचे रोप आत धरायचा मोह कापणाऱ्याला होतो आणि लहान तुकड्यात रेषेवरच्या रोपांचे प्रमाणच जास्त असते. वाद कडवट झाला, वर्षानुवर्षे चालला. पण तो चालू शकला, कारण दोन्ही बाजूंची पद्धत कागदावर होती आणि दुसऱ्या कोणालाही शेतात जाऊन ती करून पाहता येत होती. आज आपल्या गावात पीक कापणीसाठी दहा मीटर बाय पाच मीटरचा आयत आखतात, त्यामागे हा सगळा वाद आहे. पुढे पुण्यात पोषण आणि दारिद्र्य यांवर सुखात्मे आणि वि. म. दांडेकर यांच्यात झालेली खडाजंगीही अशीच, आकडे मध्ये ठेवून झाली. तज्ज्ञ मोठे होते, म्हणून कोणी गप्प बसले नाही.

दुसरे विधान परवान्याच्या सॉफ्टवेअरचे. महाग म्हणजे बिनचूक, ही समजूत कॉलेजांत खोल रुजलेली आहे. तिचा निकाल २०१३ साली लागला. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१० साली लिहिले होते की देशाचे कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेले की वाढ सरासरी उणे ०.१ टक्क्यावर येते. युरोपात सरकारी खर्च कापताना या निष्कर्षाचा आधार घेतला गेला. थॉमस हर्नडन नावाच्या विद्यार्थ्याला वर्गातला गृहपाठ म्हणून ते गणित पुन्हा करायचे होते, आणि ते काही केल्या जुळेना. लेखकांनी आपली एक्सेलची फाइल पाठवली, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. त्या फाइलमध्ये सरासरीच्या सूत्रातून पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या. ती चूक, गाळलेली काही वर्षे आणि सरासरी काढण्याची पद्धत हे सगळे दुरुस्त केल्यावर उणे ०.१ च्या जागी अधिक २.२ आले. सॉफ्टवेअर परवान्याचेच होते. चूक सापडली ती एका विद्यार्थ्याला फाइल मिळाली म्हणून.

जीवशास्त्रात एक्सेलने याहून विचित्र घोळ घातला. मार्च१, सेप्ट२ अशी नावे असलेली जनुके तक्त्यात टाकली की एक्सेल गुपचूप त्यांच्या तारखा करते. २०१६ साली तपासले तेव्हा एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत असे बिघाड सापडले. अखेर २०२० साली जनुकांचीच नावे बदलावी लागली. ‘आधी एक्सेल येऊ द्या’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. एक्सेल जरूर यावे. पण तुम्ही कोणत्या रकान्यावर कधी काय केले, याची पूर्ण नोंद ते ठेवत नाही, आणि विज्ञानात ती नोंदच मुख्य असते.

कृषी शाखेच्या विद्यार्थ्यांना मोफत साधने नवी नाहीत. हिसारच्या कृषी विद्यापीठाचे ओपीस्टॅट आणि जुने गोवे येथील आयसीएआरच्या केंद्राने केलेले वास्प यांवर देशभरातल्या किती एम.एस्सी. प्रबंधांचे एनोव्हा तक्ते निघाले असतील! ज्यांनी ती बनवली त्यांचे उपकार मोठे आहेत. तरी तिथेही एक फट राहते. विद्यार्थी आकडे चिकटवतो, तक्ता उतरवून घेतो आणि खिडकी बंद करतो. काय चिकटवले, ते प्रबंधात येत नाही. असाच एक प्रबंध माझ्या हाती आला होता. त्यातल्या एका उपचाराचे उत्पादन शेजारच्या उपचाराच्या जवळपास अडीचपट होते. एक हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर, तेव्हा हेक्टरी आणि एकरी आकडे एकाच रकान्यात मिसळले असावेत असा मला दाट संशय आला. मूळ फाइल मागितली. लॅपटॉप फॉरमॅट झाला होता. संशय खरा की खोटा, हे आता कोणालाच कळणार नाही. त्या प्रबंधावर मात्र पदवी मिळाली आहे, आणि त्यातला निष्कर्ष उद्या कोणी तरी संदर्भ म्हणून घेईल.

ही फट बुजवणारी साधने आज कोणालाही मिळतात. त्यांतले एक जवळून पाहू. गॅलक्सी ही प्रणाली २००५ साली अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात अँटन नेक्रुटेन्को, जेम्स टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केली. आज अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियात तिचे सार्वजनिक सर्व्हर आहेत. खाते मोफत मिळते आणि गणित त्यांच्या यंत्रांवर चालते, म्हणून आपल्याकडे साधा लॅपटॉप असला तरी भागते. डावीकडे साधनांची यादी, मधे अर्ज, उजवीकडे ‘हिस्ट्री’. साधन निवडून चालवले की हिस्ट्रीत एक पट्टी उमटते. रांगेत असताना ती राखाडी, चालू असताना पिवळी, झाली की हिरवी, फसली की लाल. पट्टी उघडली की कोणते साधन, कोणती आवृत्ती, कोणते पर्याय निवडले, सर्व लिहिलेले सापडते. शेवटी त्या हिस्ट्रीवरून आपोआप ‘वर्कफ्लो’ काढता येतो आणि त्याचा दुवा कोणालाही देता येतो. दुसऱ्याने तो आपल्या खात्यात घ्यायचा आणि त्याच आकड्यांवर किंवा स्वतःच्या आकड्यांवर चालवायचा.

आमच्या भागासाठी याचा अर्थ फार मोठा आहे. बारामती तालुक्यात माळेगाव खुर्दला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था २००९ पासून उभी आहे. दुष्काळ, क्षार, उष्णता यांना पीक कसे तोंड देते हा तिचा विषय. होळ गावात आघारकर संशोधन संस्थेचे प्रक्षेत्र आहे. शहरात जैवतंत्रज्ञानाचे शिक्षण मिळते. म्हणजे विषय दारात आहे, मुले आहेत, मार्गदर्शक आहेत. ज्वारीला पाण्याचा ताण दिला की तिची कोणती जनुके जागी होतात, याची जगभरच्या प्रयोगशाळांनी काढलेली कच्ची माहिती सार्वजनिक कोठारांत मोफत पडून आहे. जिरायत पट्ट्यात मालदांडी पाहत वाढलेली एखादी मुलगी ती उतरवून घेऊ शकते. गुणवत्ता तपासून, जनुकनकाशावर बसवून, मोजणी आणि तुलना करून छापील निबंधातला तक्ता आपल्याला मिळतो का, हे ती स्वतः पाहू शकते. मिळाला तर ती शिकली. नाही मिळाला तर तिच्या हाती संशोधनाचा विषय आला.

‘माहिती उघडी केली की लोक चोरतील’ हा तिसरा आक्षेप, आणि तो मनापासून घेतला जातो, म्हणून त्याला आदराने उत्तर दिले पाहिजे. आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. २०१० ते २०१२ या काळात तिने १५० मेगाहर्ट्‌झवर आकाशाचे सर्वेक्षण केले. तिथला रिवाज असा, की ठरावीक मुदतीपर्यंत निरीक्षणे ज्याची त्याच्याकडे राहतात, नंतर ती सर्वांसाठी खुली होतात. पुढे ह्यूब इंटेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच कच्च्या माहितीवर वेगळ्या पद्धतीने पुन्हा प्रक्रिया केली आणि २०१७ साली सुमारे ९० टक्के आकाश व्यापणारी, ६ लाख २० हजार रेडिओस्रोतांची सूची जाहीर केली. जगातले खगोलशास्त्रज्ञ ती वापरतात, आणि वापरताना खोडदच्या दुर्बिणीचे नाव घेतात, कारण सूचीच्या नावातच टीआयएफआर आणि जीएमआरटी आहेत. पुढे याच दुर्बिणीच्या माहितीवर प्रक्रिया करणारी खुली प्रणाली पुण्याच्या रुता काळे आणि ईश्वर-चंद्र यांनी लिहून सर्वांना दिली. मुदत संपेपर्यंत मालकी, नंतर खुलेपणा: हा नियम खोडदला चालतो, तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाला, पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राला आणि बारामतीला न चालायचे कारण काय? शेतकऱ्याचे नाव, गट नंबर आणि मोबाइल झाकून ठेवावेत, हे उघडच आहे. त्यासाठी अख्खा तक्ता कुलपात घालावा लागत नाही.

आता विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा. तो त्यांनी सहसा मांडलेला नसतो, पण तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. खुले म्हणजे आपोआप पुन्हा करता येण्याजोगे, असे नसते. ज्युपिटर या खुल्या वह्या आज विश्लेषणासाठी सगळीकडे वापरतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अशा लाखो वह्या पुन्हा चालवून पाहिल्या. शंभरांतल्या जेमतेम चोवीस शेवटपर्यंत चालल्या, आणि मूळचे उत्तर आले ते फक्त चारांत. काही वह्यांत कोणत्या साधनाची कोणती आवृत्ती वापरली ते लिहिले नव्हते, काहींतल्या फाइली लेखकाच्याच संगणकावर राहिल्या होत्या, काहींतल्या ओळी उलटसुलट क्रमाने चालवलेल्या होत्या. यावरून कोणी म्हणेल, बघा, खुल्या साधनांचे काय झाले. माझे म्हणणे असे की हा दोष मोजता आला, तोच मुळी वह्या खुल्या होत्या म्हणून. बंद फाइलींतले किती टक्के पुन्हा चालतील, ते मोजण्याचा मार्गही आपल्याकडे नाही. आणि उणीव कुठे आहे तेही यातून कळले. साधन दिले, सवय दिली नाही. सवय शिकवावी लागते, आणि शिकवणे हेच आपल्याकडे सर्वांत दुबळे आहे.

केंद्र सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरात ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० नियतकालिके. चांगले झाले, तालुक्यातल्या सरकारी कॉलेजातल्या मुलालाही आता निबंध वाचता येईल. पण निबंध वाचणे ही अर्धी वाट झाली. त्यातला तक्ता स्वतः काढून पाहता आला पाहिजे, आणि त्यासाठी शिकवणारी माणसे व साहित्य हवे. गॅलक्सीच्या मागे जगभरच्या शिक्षकांनी उभे केलेले प्रशिक्षण साहित्य आहे. प्रत्येक पाठात खरी माहिती, टप्पे आणि मधेमधे प्रश्न. ते सगळे मोफत आहे आणि सुधारायला, भाषांतरित करायला मोकळे आहे. आपल्याकडे याचा अनुभव नाही असेही नाही. आयआयटी मुंबईत कण्णन मौदगल्य यांनी उभ्या केलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ने मुक्त सॉफ्टवेअरचे दहा-दहा मिनिटांचे पाठ मराठीसह भारतीय भाषांत दिले. पडद्याच्या एका बाजूला पाठ, दुसऱ्या बाजूला तेच सॉफ्टवेअर, ऐकत ऐकत करून पाहायचे. पडद्यावरचे शब्द इंग्रजी राहतात, समजावणे आपल्या भाषेत होते. तेव्हा ‘आमच्या मुलांचे इंग्रजी कच्चे’ या सबबीला फारसा अर्थ उरत नाही. कच्चे राहिले आहे ते मराठीत पाठ तयार करण्याचे आपले काम.

आणि सुरुवात करायला जनुकांपर्यंत जावे लागत नाही. आमच्या जळोचीला बारामती बाजार समितीचा फळे-भाजीपाल्याचा बाजार भरतो. पणन मंडळाच्या भावपत्रकात ‘बारामती’ आणि ‘बारामती-जळोची’ अशी वेगळी नावे असतात. मुलांना महिन्याचा सरासरी भाव काढायला सांगा. पहिल्या दिवशी १० क्विंटल आवक आणि २,००० रुपये भाव, दुसऱ्या दिवशी ९० क्विंटल आणि १,००० रुपये भाव, असे धरले तर साधी सरासरी येते १,५००, आवकेनुसार काढलेली येते १,१००. शेतकऱ्याच्या पट्टीवर पडले ते १,१०० च्या हिशेबाने, आणि बातमीत छापून येते ते १,५००. दोन्ही बाजारांची नावे एकत्र धरली की वेगळी, हा आणखी एक निर्णय. हे सगळे निर्णय आर या मोफत संगणकभाषेत वीस ओळींत लिहा, फाइल सर्वांना द्या, शेजारच्या बाकावरच्या मुलाला ती चालवायला लावा. उत्तर तेच आले तर गुण द्या. हा प्रात्यक्षिकाचा तास कोणत्याही कॉलेजला आजपासून घेता येतो. त्याला परवाना लागत नाही, निधी लागत नाही, कोणाची मंजुरीही लागत नाही.

विद्यापीठांकडे माझी मागणी साधी आहे. पुढच्या शैक्षणिक वर्षापासून प्रबंधाबरोबर मूळ तक्ता आणि आकडेमोडीचे टप्पे जमा झाल्याशिवाय तोंडी परीक्षा घेऊ नये, आणि परीक्षकाने त्यातला एक तरी तक्ता स्वतः चालवून पाहावा. सरकारी पैशाने चालणाऱ्या शेतीप्रयोगांनाही हाच नियम लावावा, मुदत हवी तर दोन वर्षांची द्यावी. आणि शेतकरी बंधूंना विनंती एवढीच. पुढच्या मेळाव्यात कोणी टक्केवारी सांगितली की उठून तीन गोष्टी विचारा: तुलना कोणत्या रानाशी केली, लागण कोणत्या हंगामातली होती, आणि ही फाइल आमच्या मुलांना कुठे मिळेल?